पाठीवरच्या तारखा

घड्याळाची तबकडी सगळेच पाहतात. वैमानिकाचं जुनं क्रोनोग्राफ हाती आलं, की मी ते आधी पालथं करतो. फ्रेंच हवाई दलाच्या ‘टाइप २०’ घड्याळांचा इतिहास तर पाठीवरच कोरलेला असतो.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाने वैमानिकांचं घड्याळ कसं हवं, याच्या अटी ठरवल्या. काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, दिवसाला आठ सेकंदांहून जास्त फरक नको, एकदा चावी दिली की ३५ तासांहून अधिक चालायला हवं. सगळ्यात कळीची अट ‘फ्लायबॅक’ची, तो ३०० वेळा न अडता चालला पाहिजे.

ही चैन नव्हती. ढगांतून उडताना वैमानिक वेग, दिशा आणि वेळ यांच्या हिशेबाने आपली जागा ठरवत. या दिशेने इतकी मिनिटं, मग वळण, मग नवी मोजणी. साध्या क्रोनोग्राफवर वळणापाशी तीनदा बटण दाबावं लागतं: थांबवायला, शून्यावर आणायला, पुन्हा सुरू करायला. फ्लायबॅकमध्ये एका दाबात काटा शून्यावर येतो आणि बोट उचललं की धावू लागतो. ताशी ७२० किलोमीटर वेगाने जाणारं विमान सेकंदाला २०० मीटर कापतं. बटणांशी झटापट करायला तिथे उसंत कुठली?

ब्रेगे, डोडान, ऑरिकोस्ट, व्हिक्सा अशा अनेकांनी याच अटींवर घड्याळं बनवली. ती सरकारी मालकीची होती. दुरुस्तीनंतर पाठीवर ‘एफजी’ ही अक्षरं आणि त्या कामाची हमी संपण्याची तारीख कोरली जाई. ओळीने कोरलेल्या या तारखांतून घड्याळ किती काळ कामावर होतं, ते कळतं. हौसेने केलेल्या एका पॉलिशमध्ये हा सगळा दाखला घासून जातो.

तबकडीचंही तसंच. आपल्याकडे नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळं परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखली जातात. भंगारात जाणारं घड्याळ पुन्हा मनगटावर आणणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदरच आहे. रोजच्या वापराच्या घड्याळाला नवा रंग शोभतो. पण सैन्यात राबलेल्या घड्याळाचा फिकटलेला आकडा हा पुरावा असतो, आणि पुरावा रंगवायचा नसतो.

म्हणून नव्या संग्राहकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. यंत्र जरूर साफ करून घ्या, तेलपाणी करा, घड्याळ चालतं ठेवा. मात्र काट्यांवरचा जुना रंग घरी खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं आणि चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग संपत नाही. दुरुस्तीला देताना कारागिराला दोनच गोष्टी बजावून सांगा: तबकडी रंगवायची नाही, पाठ घासायची नाही.