स्वयंपाकघराचा नकाशा आधी आपण काढावा



घराचे नूतनीकरण निघाले की स्वयंपाकघराचा नकाशा कोण काढतो? बहुधा असा कुणीतरी, ज्याने पाणी गाळून जिवाणी परत सोडताना कधी पाहिलेले नसते. ओटा चकचकीत होतो, पण गाळण्याच्या भांड्याला जागा उरत नाही. म्हणून माझे मत आहे की पहिला नकाशा आपणच काढावा.

त्यासाठी स्केचअप नावाचे सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर पुरते. ते २००० साली आले, २००६ मध्ये गुगलने घेतले आणि २०१२ पासून ट्रिंबल कंपनीकडे आहे. मोफत आवृत्ती ब्राउझरमध्येच उघडते. चौकोन काढायचा, माप आकड्यांत टाकायचे आणि 'पुश-पुल'ने वर ओढायचा, की ओटा तयार. भिंतीवरचा चौकोन आत ढकलला की कोनाडा होतो. आपल्या वेरूळच्या इंद्रसभेत, म्हणजे ३२ व्या लेण्यात, कारागिरांनी असाच खडक आत आत कोरत दालने केली. त्यांना चुकलेला घाव मागे घेता येत नव्हता. आपल्याला कंट्रोल-झेड आहे.

नवी फाईल उघडली की पडद्यावर एक माणूस उभा दिसतो, उंचीचा अंदाज यावा म्हणून. मी त्याच्या पाच प्रती केल्या. एक महाराजांच्या जागी, चार आहार देणारे. महाराज उभ्याने, करपात्रात आहार घेतात, तेव्हा भोवती मोकळी जागा हवीच. मधोमध सुचवलेला फॅशनचा ओटा ठेवला, तर चौका लागूच शकत नाही, हे पाच मिनिटांत कळले. कपाटेही दोन कमी झाली. अपरिग्रह असा मापातही दिसतो.

कुणी म्हणेल, हे काम इंटिरिअरवाल्याचे. नळ, वायर, उतार त्याचेच, मान्य. पण आपली शिस्त त्याला तोंडी सांगून कळत नाही, चित्र दाखवल्यावर कळते. शिवाय बांधलेला ओटा फोडण्यात पैसा जातो, धूळ होते आणि भेगांतल्या जिवांची हिंसाही होते. पडद्यावर तो दहा वेळा हलवला तरी एक मुंगीही मरत नाही.

वयाची सबब सांगू नका. मेजरिंग टेप घ्या, आज फक्त ओट्याची लांबी, रुंदी, उंची मोजून वहीत लिहा. उद्या चौकोन काढा.