अण्णा कराचीला गेले नव्हते



लढाईत होता तोच खरा सैनिक, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्यामुळे घरात कोणी नौदलात किंवा सैन्यात असेल, तर त्याच्या माघारी त्याला एखादी लढाई चिकटवली जाते. आमच्या अण्णांच्या बाबतीत तेच झालंय. दर ४ डिसेंबरला आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा गणवेशातला फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'कराचीवर हल्ला करणाऱ्या वीरांपैकी एक, आमचे आजोबा'. नातवंडांचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती ओळ खरी नाही. ती पुढे चालू राहू नये असं मला वाटतं.

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची ही आठवण. अण्णा मात्र १९५० साली अठराव्या वर्षी नौदलात गेले आणि १९६५ साली पंधरा वर्षं पुरी करून बाहेर पडले. १९७१च्या डिसेंबरात ते परळच्या एका गिरणीत बॉयलर अटेंडंट होते. मी तेव्हा शाळेत होते. खिडक्यांना काळे कागद लावलेले, भोंगा झाला की दिवे बंद. पाळी संपवून आले की अण्णा रेडिओला कान लावून बसत.

मग नौदलात त्यांनी केलं काय? ते स्टोकर होते, म्हणजे जहाजाच्या पोटातले बॉयलर सांभाळणारे. १९५७ साली इंग्लंडकडून घेतलेली मैसूर ही क्रूझर इकडे आणायला जी माणसं गेली, त्यांत ते होते. कोळसा नव्हता, बॉयलर तेलावर चालत. पण उष्णता अशी, की पाळीवरून वर आल्यावर मुंबईचा मे महिनाही गार वाटायचा म्हणत. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेत अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले. त्यांतले सात जण तिथे कामी आले. मैसूर त्या कामगिरीवर होती. अण्णांनी मात्र ते बेट पाहिलंच नाही. "तोफ सुटली की तळपायाला कळायचं," एवढंच त्यांचं वर्णन. काटा जागेवर ठेवायचा, वाफ कमी पडू द्यायची नाही, हीच त्यांची लढाई.

माझा भाचा म्हणतो, "आत्या, सगळेच असं लिहितात. आजोबांचा मानच वाढतोय ना?" मला उलट वाटतं. खोटी लढाई जोडली, की खरी पंधरा वर्षं कमी पडली असं आपणच कबूल करतो. शिवाय तो मान कोणाचा तरी असतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे आणि असायलाच हवं. पण त्या १७६ जणांतली किती नावं आपल्याला येतात? त्यांच्यातही बॉयलर आणि इंजिन सांभाळणारे होतेच. खुकरीची बातमी आली तेव्हा अण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. त्या युद्धाशी त्यांचं नातं होतं ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे. फोटोखाली 'स्टोकर, भारतीय नौदल, १९५० ते १९६५' असं लिहिलं, तर त्यात काय कमी आहे?

खालच्या हुद्द्याची माणसं इतिहासातून निसटतात, हे काही नवीन नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतल्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानाची वागणूक यांविरुद्ध संप पुकारला आणि तो जहाजा-जहाजांवर पसरला. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ तारखेला त्यांनी माघार घेतली. अनेकांची नोकरी गेली, आणि स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. आज कुलाब्यात त्या उठावाचं स्मारक आहे. पण डाळभाताच्या तक्रारीतून एवढं मोठं काही घडू शकतं, हे आपण मुलांना कितीसं सांगतो?

आपल्या आचोळ्याचंच बघा. पलीकडे सोपारा, जुनं शूर्पारक, एके काळचं नावाजलेलं बंदर. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला. राजाचं नाव दगडावर राहिलं. ज्यांनी त्या बंदरात वल्ही मारली त्यांचं एकही नाव आपल्यापाशी नाही. त्यांच्याकडे लिहून ठेवायला कोणी नव्हतं. आपल्याकडे आहे.

१९८२च्या गिरणी संपानंतर अण्णा आचोळ्याला आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. इथे पाण्याची तंगी नेहमीची. नातवंडांना ते अर्ध्या बादलीत आंघोळ करायला लावत. जहाजावर समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी करतात, आणि त्यातलं पहिलं पाणी बॉयलरला, मग माणसांना. हा नियम त्यांनी घरात आणला. आज माझी पुण्याची भाची नळ उघडा राहिला की धावत जाऊन बंद करते आणि "बॉयलरला काय देणार?" म्हणते. हे अण्णांचं खरं स्मारक, असं मला वाटतं.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरातही कोणी असेल, तर आधी त्यांचे सेवेचे कागद शोधा. कोणतं जहाज, कोणतं काम, कोणती वर्षं, ते लिहून काढा. आजी हयात असतील तर पगाराची मनीऑर्डर कधी यायची, रजा किती मिळायची, घर कसं चाललं, ते विचारा. लढाई असेल तर जरूर लिहा. नसेल तर जोडू नका.

अण्णांचे कागद माझ्या कपाटात आहेत. ज्याला हवे त्याने येऊन बघावेत, चहा मी करीन.