आधी गल्ली, मग घर!

कोल्हापूर-मिरज लाइनवर कधी जयसिंगपूरला उतरलात, तर गल्ल्या बघा. एकदम सरळसोट, काटकोनात छेदणाऱ्या, आणि त्यांना चक्क नंबर! शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली. आधी रस्ते आखले, मग घरं आली. आज बरोब्बर उलटं. आधी होर्डिंग, मग बुकिंग, रस्ता-गटार सावकाश.

तिकडे ब्रिटनमध्ये लेबर सरकारनं २०२४ मध्ये १५ लाख घरांचा वायदा केला. भांडण तेच: बांधायची कुठं आणि परवडणार कुणाला? आपल्याकडे ४,००० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटवर २० टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायचा नियम आहे, पण १० लाखांवरच्या शहरांसाठी. जयसिंगपूर त्यात बसतच नाही!

त्यात २००५, २०१९, २०२१ चे महापूर. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या पोरांना आता उंचावरचं घर हवंय. मागणी वाढली की गुंठ्याचा भाव वाढणारच. मग पहिल्या नोकरीच्या पगारात ईएमआय बसवायचा कसा?

म्हणून मंडळी, नव्या लेआउटमध्ये आधी रस्ता आणि थोडे छोटे प्लॉट राखीव, एवढं नगरपालिकेकडे मागूया. आयडिया नवी नाहीच, आपल्याच गावची आहे!