हरणं मेली, पिंजरा झाडणाऱ्याला कोणी तपासलं?

शाळेच्या सहली निघाल्या की आपल्या वस्तीतली मुलं छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात वाघ बघायला जातात, नाहीतर पुण्याच्या कात्रजला. धाराशिव जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे तिथला प्राणी आजारी पडला तर आपल्याला काय त्याचं, असं कुणालाही वाटेल. आम्ही काही वर्षं दवाखान्यात काम केलं आहे, म्हणून आम्हाला तसं वाटत नाही.

जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत १६ चितळं मेली. तपासणीत निघाली लाळ्या-खुरकूत. हा काही जंगलातला नवलाचा रोग नाही. आपल्या दारातल्या गाई, म्हशी, शेळ्यांना होतो तोच. तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरात जखमा होतात, जनावर चारा सोडतं. माणसाला त्याची भीती जवळपास नाही, पण माणूस तो वाहून नेतो. चपलेच्या तळव्याला, चाऱ्याच्या पेंढीला, गाडीच्या चाकाला चिकटून हा विषाणू फिरतो आणि एकाच हौदावर दहा जनावरं पाणी प्यायली की सगळ्यांत जातो. कात्रजमध्ये तो नेमका कुठून शिरला यावर आम्ही तर्क करणार नाही. पण शिरायच्या वाटा एवढ्याच असतात.

त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. कोंबड्यांचा रोग वाघाला! आणि हे लांबचं म्हणून सोडून देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, फेब्रुवारीत आपल्या ढोकीत. तिथेही बर्ड फ्लूच निघाला. मेलेला पक्षी मुलं काठीने हलवून बघतात, कुणी शेपटीला धरून उकिरड्यावर फेकतं. तसं करू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन लावा.

आता पाण्याचं. प्राणिसंग्रहालयात पाणी तीन ठिकाणी असतं: पिण्याच्या हौदात, डुंबायच्या तळ्यात किंवा खंदकात, आणि पिंजरा धुतल्यावर नालीत. पिण्याचं पाणी निदान कुणी बघतं. डुंबायच्या पाण्यात प्राणी विष्ठा टाकतात, उरलेलं खाणं पडतं, रात्री उंदीर मुततात, आणि वरून उघडं असेल तर रानपक्षी येऊन बसतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस दिल्लीचं प्राणिसंग्रहालय बंद करावं लागलं ते पाणपक्ष्यांच्या बर्ड फ्लूमुळेच.

असं पाणी हिरवं झालं की वरून टीसीएल पावडर शिंपडायची, हा सोपा इलाज. तो फुकट जातो. तळाचा गाळ आणि घाण क्लोरीन खाऊन टाकते, जंतू मारायला काही उरतच नाही. हौद आधी रिकामा करायचा, शेवाळ घासून काढायचं, वाळवायचा, मग भरायचा. आपल्या गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट घेतो, नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे असं समजतो. (घेत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, नोंदवही मागा.) पिण्याच्या हौदांची तशीच नोंदवही प्राणिसंग्रहालयाच्या दारावर का लावू नये? तिकीट काढणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे. संभाजीनगर महापालिका मिटमिट्याला मोठं प्राणिसंग्रहालय उभारत आहे. पिंजरे धुतलेलं पाणी कुठे जाणार, हे तिथे आजच विचारता येईल.

पण आमची खरी काळजी वेगळीच आहे. तो हौद घासायला आत उतरतो कोण? झाडू आणि पाटी कुणाच्या हातात असते, हे आपल्या वस्तीला सांगायला नको. मराठवाड्यातून पुण्याला गेलेली कितीतरी माणसं सफाईच्याच कामाला लागतात. आम्ही एका रुग्णालयात होतो तेव्हा सगळ्या नर्सना काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस मिळाली. सुया पडलेल्या बादल्या उचलणाऱ्या मावशींचं नाव यादीत नव्हतं. कारण काय, तर त्या ठेकेदाराच्या! सुईला काय ठाऊक कोण ठेकेदाराचा आणि कोण कायम?

उंदराच्या मुताने खराब झालेल्या पाण्यात अनवाणी उभं राहिलं की पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. अचानक ताप, डोळे लाल, पोटऱ्या प्रचंड दुखणं ही त्याची लक्षणं. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते. घरी असं कुणी असेल तर अंगावर काढू नका. डॉक्टरला ताप सांगाल तेव्हा कामही सांगा: हौद धुतो, नाली काढतो, जनावरांत असतो. डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत आणि आपली माणसं लाजेने सांगत नाहीत, मग साधा ताप म्हणून गोळ्या मिळतात. गमबूट आणि हातमोजे मागणं हा हट्ट नाही. कामाचे कपडे घरी नेऊन शेळीच्या दावणीशेजारी वाळत घालू नका. आणि लाळ्या-खुरकुतीची लस सरकार मोफत देतं, ती आपल्या जनावरांना टोचून घ्या.

प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणारं केंद्रीय प्राधिकरण दरवर्षी त्यांच्याकडून अहवाल मागतं. त्यात किती प्राणी मेले हे असतं, आणि कर्मचाऱ्यांची प्राण्यांपासून होणाऱ्या रोगांसाठी तपासणी केली का, यालाही जागा असते. त्या जागेत कंत्राटी सफाई कामगार मोजले आहेत का, एवढंच विचारायचं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. पुण्यात किंवा संभाजीनगरात आपलं कुणी या कामावर असेल तर त्याच्या नावाने अर्ज करू नका, त्याची भाकरी जाईल. अर्ज इथून, आपल्या नावाने पाठवू. अहवालाचं वर्ष मात्र नीट लिहा: २०२४-२५ आणि २०२५-२६.