विश्लेषण : शंभरी ओलांडलेले ‘१९११’ पिस्तूल पुन्हा चर्चेत का? नऊ मिमीच्या अवतारात ते किती भरवशाचे?

चपटा पोलादी देह, नक्षीदार लाकडी मूठ आणि मागे उभारलेला घोडा. हॉलिवूडच्या युद्धपटांत हमखास दिसणारे हे पिस्तूल म्हणजे अमेरिकेचे ‘१९११’. अमेरिकी लष्कराने ते मुख्य शस्त्र म्हणून वापरणे थांबवून चार दशके झाली. तरीही इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर ते पुन्हा दिसू लागले आहे, पण मूळच्या जाड .४५ गोळीऐवजी लहान, नऊ मिमी गोळीसह. हा बदल का झाला, जुन्या रचनेत नवी गोळी नीट चालते का आणि भारतातील कायदा याबाबत काय सांगतो?

‘१९११’ म्हणजे नेमके काय?

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्र-आरेखकाची ही रचना. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली, म्हणून नावही तेच पडले. निवड चाचणीत या पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते एकदाही अडकले नाही, अशी नोंद आहे. त्याच्या भरवशाची ख्याती तेव्हापासूनची.

मोठ्या गोळीचा आग्रह मात्र त्याआधीचा. फिलिपिन्समध्ये मोरो बंडखोरांशी लढताना .३८ रिव्हॉल्व्हर अपुरे पडतात, अशी अमेरिकी सैनिकांची तक्रार होती. १९०४ मधील चाचण्यांनंतर .४५ पेक्षा लहान गोळी नको, असा निष्कर्ष निघाला. तेच फिलिपिन्स आज स्वस्त ‘१९११’ पिस्तुले बनवून अमेरिकेला विकणाऱ्या देशांपैकी एक आहे.

मग गोळी लहान का झाली?

.४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, तर नऊ मिमीची सात ते आठ ग्रॅमची. पण लहान गोळी बरीच वेगाने जाते, त्यामुळे दोघींची ऊर्जा जवळपास सारखीच भरते. हाताला बसणारा धक्का मात्र लहान गोळीचा कमी असतो.

१९८५ मध्ये अमेरिकी लष्कराने नाटो देशांशी जुळवून घेत नऊ मिमीचे बेरेटा पिस्तूल निवडले. पुढच्याच वर्षी मायामीतील चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एका हल्लेखोराला लागलेली नऊ मिमी गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबल्याचे आढळले आणि एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली. त्यानंतरच्या काळात गोळ्यांची रचना सुधारली. २०१५ च्या सुमारास हीच संस्था पुन्हा नऊ मिमीकडे आली. लहान गोळीने बहुतेकांची नेमबाजी सुधारते, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. नऊ मिमी काडतुसे सहसा .४५ पेक्षा स्वस्तही असतात, त्यामुळे सराव परवडतो.

आजच्या काळात जुन्या रचनेचे आकर्षण कशाचे?

पहिले कारण म्हणजे चाप. बहुतेक पिस्तुलांत चाप बिजागरीसारखा फिरतो, ‘१९११’ मध्ये तो सरळ मागे सरकतो. घोडा आधीच मागे ओढलेला असल्याने चापाला थोडाच दाब लागतो आणि नेम हलत नाही. दुसरे कारण वजन. रिकामे पिस्तूल सुमारे १.१ किलोचे, तर प्लॅस्टिकच्या चौकटीचे ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसह ७०० ग्रॅमच्या आसपास. जड पिस्तुलात हलकी गोळी, म्हणजे धक्का फारच कमी. शिवाय मूठ चपटी असल्याने लहान हातातही ती नीट बसते.

तिसरे कारण पडद्यावरचे. २०१९ च्या ‘जॉन विक’ चित्रपटात नायकाच्या हाती या घराण्यातील ‘२०११’ प्रकारचे नऊ मिमी पिस्तूल होते. यात मॅगझिनमध्ये काडतुसे दोन रांगांत बसतात, त्यामुळे सात-आठऐवजी १७ किंवा त्याहून अधिक गोळ्या मावतात. नेमबाजी स्पर्धांपुरता असलेला हा प्रकार त्यानंतर सर्वसामान्य अमेरिकी ग्राहकांपर्यंत पोहोचला.

भरवशाचे काय?

खरा प्रश्न इथे आहे. १९११ च्या चाचणीतील यश त्या पिस्तुलाचे आणि त्या काडतुसाचे होते. काडतूस बदलले की गणितही बदलते.

.४५ चे काडतूस सुमारे ३२ मिमी लांब, तर नऊ मिमीचे ३० मिमीपेक्षाही थोडे कमी. लांब काडतुसासाठी बनलेल्या मॅगझिनमध्ये आखूड काडतूस मागेपुढे सरकू नये म्हणून अनेकदा आत पट्टी टाकून जागा भरावी लागते. नऊ मिमीचे कवच पुढे किंचित निमुळतेही असते. त्यामुळे मॅगझिनमधून नळीकडे जाताना त्याचा कोन वेगळा पडतो. तो जुळला नाही तर काडतूस वाटेतच अडकते.

गोळी सुटल्यावर रिकामे कवच बाहेर ओढणारी आकडी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, मूळ रचनेत स्प्रिंग पोलादाच्या एकाच तुकड्याची असते. तिचा ताण कवचाच्या मापाला जुळवावा लागतो. शिवाय नऊ मिमीचा धक्का कमी असल्याने सरकता भाग मागे ढकलायला जोरही कमी मिळतो, म्हणून स्प्रिंग नरम लागते. हे सारे जुळवलेले पिस्तूल उत्तम चालते. घाईत किंवा स्वस्तात बनवलेले अडखळते. म्हणूनच एकाच रचनेबद्दल एक जण ‘हजारो गोळ्यांत एकदाही अडकले नाही’ म्हणतो, तर दुसरा पहिल्याच दिवशी वैतागतो. दोघेही खरे बोलत असू शकतात.

.२२ मधील ‘१९११’ सारख्या पिस्तुलांची अडचण आणखी वेगळी. या काडतुसात ठिणगी देणारे रसायन तळाच्या कडेत भरलेले असते आणि ते सगळीकडे सारखे पसरले नाही तर गोळी सुटतच नाही. सराव करताना हे चालून जाते, जिवावर बेतल्यावर नाही.

भारतात हे पिस्तूल घेता येते का?

सर्वसामान्य परवानाधारकाला नाही. नऊ मिमी आणि .४५ ही दोन्ही कॅलिबर आपल्याकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे प्रतिबंधित गटात मोडतात. लष्कर आणि पोलिसांची काडतुसे नागरिकांच्या हाती जाऊ नयेत, हा त्यामागचा जुना विचार. सर्वसामान्य परवान्यावर प्रामुख्याने .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळते. गंमत म्हणजे .३२ चे पिस्तुलाचे काडतूसही ब्राउनिंग यांनीच १८९९ मध्ये तयार केले होते. त्याच्या तळाची कडा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकली, तर पिस्तूल ठप्प होते.

.२२ ची आपल्याकडची ओळख मात्र खेळातून झालेली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, ते याच लहान काडतुसावर.

रील पाहणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

अमेरिकेत बसून केलेली शिफारस तिथल्या कायद्यापुरती असते. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान सात आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा होऊ शकते. लग्नात किंवा मिरवणुकीत हर्षोल्हासात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास परवानाधारकालाही दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पिस्तूल हाती धरून ‘स्टेटस’ ठेवणारे त्याच फोटोमुळे पोलिसांच्या हाती लागल्याच्या बातम्याही नव्या नाहीत.

भरवशाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘१९११’ वापरायला शिस्त लागते. घोडा मागे ओढून, खटका लावून ते बाळगायचे आणि गरज पडल्यावर खटका काढायचा, ही सवय हातात भिनलेली नसेल तर ऐन वेळी गोळी सुटत नाही किंवा नको तेव्हा सुटते. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये नेमकी लागलेली गोळी दिसते. अडकलेले काडतूस, दोनदा बदललेली स्प्रिंग आणि सरावात गेलेले महिने त्यात दिसत नाहीत. सहा हजार गोळ्यांची ती नोंद ११५ वर्षांपूर्वीच्या एका पिस्तुलाची आहे. आज त्याच साच्यात बनलेल्या प्रत्येक पिस्तुलाला, आणि ते धरणाऱ्या हातालाही, आपली परीक्षा नव्याने द्यावी लागते.