मुलांच्या निवडचाचणीला वाली कोण?

मुंबईतल्या पवईच्या स्टुडिओत ३० ऑक्टोबर २०२५ला सतरा मुलांना ओलीस ठेवणारा पोलिसांच्या गोळीने मेला आणि सगळी चर्चा चकमकीकडे आणि सरकारकडे थकल्याचा त्याचा दावा होता त्या बिलांकडे वळली. या दोन्हींचा छडा लागलाच पाहिजे. पण वेबमालिकेच्या निवडचाचणीच्या नावाखाली इतकी मुले तिथे बोलावली जात होती, याची नोंद कोणत्या सरकारी दफ्तरात होती, हे कुणीच का विचारत नाही? कायद्याने ती मागितलेलीच नाही. बालकामगार कायद्यातील २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी केली, मात्र सिनेमा, मालिका आणि जाहिरातींना वाट मोकळी ठेवली. पुढच्या वर्षीच्या नियमांनी अटी घातल्या: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत. अटी चांगल्याच आहेत, पण त्या आहेत प्रत्यक्ष कामासाठी. चाचणीबद्दल त्यांत अवाक्षर नाही, आणि अनोळखी माणसाच्या हाती मूल पहिल्यांदा जाते ते चाचणीतच.

पाच तासांचेच पाहा. ठाणे जिल्ह्यातल्या शेणवे गावच्या मुलाला ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सेटवर पोचायचे तर पहाटे घर सोडून आसनगाव गाठायचे, तिथून लोकलने ठाणे, पुढे पुन्हा बस. हे तास नियमात मोजले जात नाहीत, बुडालेली शाळा मात्र त्याच्याच खाती जमा होते. शिक्षणावर परिणाम होता कामा नये असे कायदाच सांगतो. तो होतो की नाही, हे सेटवर जाऊन पाहणार कोण?

पालक सोबत असतात, सरकारची लुडबुड कशाला, असे म्हणणारे आहेत. पवईतल्या पालकांनीही मुलांना विश्वासानेच पाठवले होते. बोलावणारा खरा की खोटा हे पडताळण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते पुरवणे सरकारचेच काम आहे. नियमांनी कला मरेल हा आक्षेपही पोकळ आहे. म्हसा गावच्या यात्रेत भोंगा लावायला परवानगी लागते, तरी यात्रा भरतेच. मग मुलांना बोलावणाऱ्याने नाव, जागा, वेळ आणि मुलांची यादी आधी कळवली तर कुणाचे काय बिघडते?

खरे दुखणे कागदाच्या पलीकडचे आहे. वीटभट्टीवर विटा उलटणारी कातकरी पोरे 'कुटुंबाला मदत करतात' या सबबीखाली खपून जातात, तशीच सेटवरची मुले 'हौसे'च्या नावाखाली. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१७पासून किती परवानग्या दिल्या, किती सेटवर अधिकारी प्रत्यक्ष गेले आणि किती मुलांच्या ठेवी तपासल्या, हे आकडे जाहीर करावेत. राज्य सरकारने निवडचाचणी परवानगीच्या कक्षेत आणण्यासाठी केंद्राकडे आजच आग्रह धरावा.