शून्य तक्रारींचे ठाणे

तालुक्याच्या कोणत्याही पोलिस ठाण्यात जा, साहेबांच्या खोलीत गुन्ह्यांचा तक्ता टांगलेला दिसेल. खून, दरोडा, घरफोडी, आणि कुठेतरी तळाशी अ‍ॅट्रॉसिटी. त्या रकान्यात शून्य असले की साहेब खुशीत असतात. ‘आमच्या हद्दीत जातीय सलोखा आहे,’ असे चहा पाजून सांगतात. आम्हाला मात्र हे शून्य पाहिले की धडकी भरते. ज्या हद्दीत पन्नास-साठ गावे, गावोगावी वेशीबाहेर बौद्धवस्ती, मातंगवस्ती, तिथे वर्षभरात जातीवरून एकही शिवी दिली गेली नाही, एकही हात उगारला गेला नाही, यावर कोणी विश्वास ठेवायचा? अन्याय झाला नाही असे ते शून्य सांगत नाही. फिर्यादी पायरीवरूनच परत गेला, एवढेच ते सांगते.

परत पाठवण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. साधा अर्ज घेऊन ठेवायचा. अदखलपात्र नोंद करून बोळवण करायची. गावच्या पुढाऱ्याला बोलावून ‘मिटवून घ्या’ म्हणायचे. आणि फिर्यादी हटलाच नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच दरोड्याचे कलम लावून उलटा गुन्हा! ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा’ ही पळवाट तर कायद्यानेच बंद केली आहे. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती उघडली, २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घातले आणि २०२० मध्ये न्यायालयानेही ते कायम ठेवले. तरीही ठाण्यातली चौकशी काही संपत नाही!

दोष एकट्या हवालदाराचा नाही. वरचा साहेब महिन्याच्या बैठकीत आकडा वाढला का एवढेच विचारतो. आकडा वाढला की झाडाझडती, घटला की शाबासकी. मग खालचा माणूस गुन्हा थांबवण्याऐवजी नोंद थांबवतो. मध्यंतरी ठाण्यांना आयएसओ मानांकन मिळवण्याची लाट आली. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. कुंड्यांना आमचा विरोध नाही. पण फिर्याद घेतली का, याचे मानांकन कोण देणार?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्याआधीच त्या वादातील मारहाणीचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले होते. त्या वेळी कोणी जागा असता तर? आणि पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमे सिद्ध झाली नाहीत असे ठरवले. उच्च न्यायालयातही २०१० मध्ये तेच झाले. जगाला दिसलेली जात न्यायालयाच्या कागदावर उतरली नाही.

नोंद वाढणे हे पोलिसांचे अपयश नाही, हे आम्हीच म्हणतो असे नव्हे. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला आणि पोलिसांनी तपासाची माती केली. १९९९ च्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने त्या पोलिस दलाला संस्थात्मक वंशवादाचा दोष दिला. त्याच अहवालाने सांगितले की, वंशवादी घटना नोंदवल्या कशा जातात, लोकांनी तक्रार द्यावी म्हणून पोलिसांनी काय केले, तपास कसा झाला, यावर पोलिसांचे काम मोजा. पीडिताला घटना वंशवादी वाटली तर ती तशीच नोंदवा. आपल्याकडे पीडित ओरडून सांगतो आणि ठाणे अंमलदार म्हणतो, ‘हा तर बांधाचा वाद!’

मोजायला आपल्याकडे नियम नाहीत काय? १९९५ चे नियम काढून वाचा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. दोषारोपपत्र साठ दिवसांत, उशीर झाला तर कारण लेखी द्यायचे. गृह सचिव आणि पोलिस महासंचालकांनी दर तिमाहीला तपासाचा आढावा घ्यायचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समिती तीन महिन्यांतून एकदा तरी भरायची, मुख्यमंत्र्यांची समिती जानेवारी आणि जुलैत. समिती भरलीच तर काय होते? प्रकरणे इतकी, अर्थसाहाय्य इतके, चहा, बिस्किटे, उठा. कोणत्या ठाण्यात किती अर्ज आले आणि त्यातले किती गुन्हे झाले, किती फिर्यादींवर उलटे गुन्हे पडले, हे कोणी ठाणेवार विचारत नाही.

आणि चांगले काम कुठेच होत नाही असेही आम्ही म्हणणार नाही. एखादा उपविभागीय अधिकारी त्याच रात्री वस्तीत येतो. जातीच्या दाखल्यासाठी फिर्यादीला हेलपाटे घालायला न लावता स्वतः प्रांत कार्यालयाला पत्र देतो, कारण दाखला नसला की खटला कसा ढासळतो हे त्याने न्यायालयात पाहिलेले असते. एफआयआरची प्रत फुकट हातात देतो, जबाबाचे चित्रीकरण करतो. पण त्याची बदली झाली की हे सारे शहाणपण त्याच्या सामानाबरोबर जाते आणि शेजारच्या तालुक्याला पत्ताही लागत नाही. घरफोडीची टोळी पकडली तर तिची माहिती तासाभरात जिल्हाभर फिरते. मग ही का फिरू नये?

नागरी हक्क संरक्षण विभागाच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. ज्या उपविभागात दोषारोपपत्रे वेळेत जातात तिथल्या अधिकाऱ्याला बाकीच्यांसमोर बसवून त्याची पद्धत लिहून घ्यावी, जिल्हाभर पाठवावी. निर्दोष सुटलेल्या खटल्यांचे निकाल तपास अधिकाऱ्यांना वाचायला लावावेत. तपासात कुठे भोक पडले ते न्यायाधीशाने तिथे लिहूनच ठेवलेले असते.

समित्यांवर आपले अशासकीय सदस्य आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीच्या आठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन ठाणेवार तक्ता मागावा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा आणि आम्हाला कळवावे. शून्य असलेल्या ठाण्यांची नावे आम्ही याच स्तंभात छापू.